पत्नी जिवंत व धडधाकट असताना बालसंगोपन रजा मिळणेबाबत

प्रति,
मंत्रालयात बसून रजेचे नियम लिहिणारे सर्व साहेब आणि मॅडम,
मुंबई.

संदर्भ: बालसंगोपन रजेचा शासन निर्णय, दि. २३ जुलै २०१८.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. टेबल आस्थापनेचं, म्हणजे इतरांच्या रजा माझ्या हाताखालून जातात. कोणाची अर्जित किती शिल्लक, कोणाची अर्धपगारी संपत आली, कोण दर वर्षी नेमका वारीच्या आठवड्यातच आजारी पडतो, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. तुमचे नियम मी वाद घालायला वाचलेले नाहीत, पोटासाठी वाचलेत.

२०१८ चा तो निर्णय मला जवळजवळ पाठ आहे. महिला कर्मचाऱ्याला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस. पुरुषालाही मिळते, पण त्याची पत्नी मयत असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावरून पुरुषाचा असा एकच अर्ज गेला. बायको गेलेला माणूस होता, दोन पोरं शाळेत. मी मृत्यूचा दाखला टाचणीने लावला, टिपणी लिहिली, साहेबांची सही त्याच दिवशी घेतली आणि आपण एक चांगलं काम केलं असं समजून चहाला गेलो. निर्णय चांगलाच होता, त्याआधी त्या माणसाला तेवढंही मिळालं नसतं. पण ते वाक्य दुसऱ्या बाजूने वाचावं असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ते गेल्या जूनमध्ये वाचलं.

माझी बायको जिवंत आहे. अंथरुणाला खिळलेली तर मुळीच नाही. गेल्या जूनपासून ती नाशिकला पोलीस अकादमीत आहे आणि पहाटे मी कूस बदलतो तेव्हा ती मैदानावर धावत असते. तिची फौजदार म्हणून निवड झाली. परीक्षा, मैदानी चाचणी, मुलाखत, निकाल, मग नियुक्तीची वाट, या सगळ्यात मधे आमची मुलगी झाली. प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा मुलगी तेरा महिन्यांची होती. चालायला नुकती लागलेली, पडली की आधी आजूबाजूला कोणी बघतंय का ते पाहून मग रडणारी.

बायको म्हणाली, "अहो, मुदतवाढ मागू का?" तिच्या आवाजावरून कळत होतं की मी 'हो' म्हणालो असतो तर तिने मागितली असती आणि मग ते आमच्यात कायमचं राहिलं असतं. मी म्हणालो, जा. शौर्य वगैरे काही नव्हतं. मला वाटलं होतं, आई आहे ना. आणि आठच दिवसांनी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सासूबाईंचं घर सांगोल्याकडे, डाळिंबाची बाग आणि दोन म्हशी, त्यांना चार दिवसांच्या वर निघता येत नाही. गावात पाळणाघर एकच, तेही अडीच वर्षांच्या पुढच्या मुलांना घेतं. राहिलो मी.

मी रजेच्या टेबलावरचा माणूस, तर मला आधी मार्ग सापडायला हवा होता. सापडले ते सगळे खोटे. एक सहकारी म्हणाला, कावीळ काढ, दाखला मिळतो, परिवर्तित रजा होईल. दुसरा म्हणाला, बायकोलाच आजारी दाखव, जीआर मध्येच बसतंय की. मी म्हटलं, अरे बाबा, ती अंथरुणाला खिळली असा दाखला मी इकडे जोडला आणि ती तिकडे पाच किलोमीटर धावली, तर पहिला गुन्हा तिने माझ्यावरच दाखल करावा लागेल. हसले सगळे. पण खरं सांगतो, दोन दिवस काविळीचा विचार माझ्या मनात होता. माणूस बाप आहे म्हणून मिळत नाही आणि पिवळा पडला म्हणून मिळते, तर मोह होणारच.

शेवटी ९४ दिवस अर्जित शिल्लक होती ती घेतली आणि पुढचे चार महिने असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. अर्जाच्या नमुन्यात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'मुलीचा सांभाळ करण्यासाठी.' वरिष्ठांनी अर्ज वाचला, पेन खाली ठेवला आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "हे असं नको लिहू. वर प्रश्न विचारतील. घरगुती कारण लिही." मी खोडलं आणि 'घरगुती कारणास्तव' लिहिलं. घरगुती कारणात काय काय येतं, हे माझ्या टेबलाला माहीत आहे. भावकीचा वाद येतो, बोअर मारणं येतं, स्लॅब टाकणं येतं. कार्यालयाच्या कागदोपत्री मी सात महिने बहुधा स्लॅबच टाकत होतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण रडगाणं करायचं नाही. घर तिच्या पगारावर चाललं. पतसंस्थेचा हप्ता दोनदा चुकला. माझ्या वेतनवाढीचं काय होणार, तो कागद अजून लेखा शाखेत फिरतोय.

आता गल्लीचं. सरकारी माणूस सकाळी अकरा वाजता लेंगा-बनियनवर दोरीवर लंगोट वाळत घालताना दिसला की लोकांना एकच कारण सुचतं. पहिल्या आठवड्यात किराणावाल्याने बारीक आवाजात विचारलं, "काय, साहेब, चौकशी चालूय काय?" दुसऱ्या आठवड्यात बातमी पक्की झाली होती. मला अँटी करप्शनने धरलंय, रक्कम तीन हजार, आणि बायको पोलीस खात्यात लागली म्हणूनच प्रकरण दाबलं गेलंय. रकमेचं मला जास्त वाईट वाटलं. मी समजावून सांगितलं की रजेवर आहे, मुलीला सांभाळतो. किराणावाला समजुतीने मान हलवत राहिला. निलंबित माणूस घरी असणं त्याला पटत होतं. मूल सांभाळणारा माणूस घरी असणं हे त्याला मी रचलेलं कारण वाटत होतं.

घरातलं काम मला येत नव्हतं असं नाही, लग्नाआधी मी खोलीवर राहून स्वयंपाक केलेला आहे. पण स्वयंपाक येणं आणि मूल घरात असताना स्वयंपाक करणं यात काय फरक आहे, ते कुकरने शिकवलं. सकाळी तिला अंघोळ घालून, नाचणीचं सत्त्व भरवून, साडेदहाला झोपवलं की मी कुकर लावायचो. दुसऱ्या शिट्टीला ती उठायची. दचकून, लाल होऊन, आणि मग पुढचा तास नुसती चिडचिड. चार दिवस असं झालं. पाचव्या दिवशी डोकं चाललं की कुकर आधी लावायचा, ती जागी असताना, आणि शिट्टी झाली की दोघांनी मिळून 'शुऽऽ' करून नाचायचं. ती शिट्टीची वाट बघायला लागली. मग भात गार होईपर्यंत तिची झोप, आणि ती उठली की मऊ भात, वरण, वर तूप, मेतकूट. तिच्या एका वाटीला पन्नास मिनिटं लागायची. त्यातला निम्मा भात माझ्या दंडावर वाळायचा.

झोपवण्याची दुसरी पंचाईत. मला एकही अंगाई येत नाही. पहिल्या रात्री पाढे म्हटले, ती ताजीतवानी झाली. तिसऱ्या रात्री काही सुचेना म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ संथ लयीत म्हणायला सुरुवात केली. "शासकीय कर्मचाऱ्यास रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही..." तिसऱ्या ओळीला जांभई. सात महिन्यांत आम्ही अर्जित रजेच्या पुढे कधी गेलो नाही. तुमच्या लिखाणाचा इतका चांगला उपयोग राज्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, हे आपल्या माहितीसाठी सादर.

दीड वर्षाच्या डोसला तिला मीच उपकेंद्रात नेलं. सिस्टरने विचारलं, "बाळाची आई?" मी म्हटलं, नाशिकला. "कोणी बाई माणूस नाही आलं?" नाही. त्यांनी कार्ड मागितलं. त्या कार्डाचं नावच 'माता व बाल संरक्षण कार्ड', त्यात बाप कुठे उभा राहणार. इथपर्यंत मी मनातल्या मनात फुशारकीत होतो, बघा, कसं बापाला कोणी विचारत नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "नऊ महिन्यांच्या डोसनंतर ताप आला होता का? पुरळ?"

मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी गावातच होतो, संध्याकाळी घरीही आलो असणार. बायकोला फोन लावला, तिचा बंद, प्रशिक्षणात फोन ठरल्या वेळेलाच. आईला लावला. आई म्हणाली, "अरे, दोन रात्री मांडीवर घेऊन बसली होती ती. तू बाहेरच्या खोलीत झोपला होतास, तुला ऑफिस होतं म्हणून." सिस्टर काही बोलल्या नाहीत, कार्डावर लिहीत राहिल्या. त्यांना 'आई कुठाय' असं का विचारावं लागतं ते मला कळलं. उत्तर तिच्याकडेच असतं म्हणून.

केंद्राच्या सांख्यिकी खात्याची २०२४ ची वेळेच्या वापराची पाहणी आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. पूर्वी असे आकडे मी नुसते वाचून पान उलटलं असतं. आता मला ८८ मिनिटं म्हणजे काय ते दिसतं. मुलीचं दुपारचं जेवण, ताटवाटी, फरशीवरचा भात पुसणं, आणि तिचा झबला बदलणं. संपली ८८. त्यानंतर दुपारचा एक वाजलेला असतो.

नोव्हेंबरातली एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो. तिला सर्दी, दोन रात्री झोप नाही, आईची ड्रेसिंगची फेरी, आणि मुलीने दुधाची वाटी तिसऱ्यांदा उलटी केली. मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, वाटी उचलून भिंतीवर मारली. स्टीलची वाटी, आवाज फार मोठा झाला. ती रडली नाही. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि मी जवळ गेलो तसा तिने हात डोक्यावर घेतला. आमच्या घरात तिला कोणी कधी चापट मारलेली नाही. हात डोक्यावर घ्यायचं तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही.

रात्री नऊच्या फोनवर बायकोला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मीही एकदा तिला पलंगावर टाकून न्हाणीघरात कडी लावून बसले होते. दहा मिनिटं. ती रडत होती आणि मी बाहेर आले नाही."

"मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

वाटीला पोचा आला आहे. तीच वापरतो.

या सात महिन्यांत मला लोकांनी जितकं नावाजलं तितकं चौदा वर्षांच्या नोकरीत कोणी नावाजलं नाही. ज्यांचा निलंबनावर विश्वास नव्हता ते सगळे कौतुक करायचे. "किती करता हो!" "भाग्यवान आहे बाई ती." माझी आई वॉकर धरून ओट्यावर बसायची, तिने एकदा सुनावलं, "माझ्या सुनेने तेरा महिने केलं तेव्हा कुठं होता गं तुम्ही?" संध्याकाळी पाचला त्या ओट्यावर बायका पोरं घेऊन जमतात. पहिला महिनाभर मी गेलो की बोलणं थांबायचं. मग एकदा मुलीचं पोट गच्च झालं होतं, तर एकीने ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून कशी धरायची ते दाखवलं, आणि त्यानंतर माझ्यासमोर सासवांचा विषयसुद्धा निघायला लागला. कार्यालयात परत आल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या ओट्याची.

दसऱ्याला तिला घेऊन एसटीने आजोळी निघालो. वाटेत एका बसस्थानकावर तिने लंगोट भरला. समोर हिरकणी कक्ष. आत पाजणाऱ्या बाया बसलेल्या असतात, पुरुषाने तिथे जाऊ नये हे बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी बाकावर टॉवेल पसरला आणि कामाला लागलो. शेजारच्या आजी अस्वस्थ. "द्या इकडं, तुम्हाला नाय जमायचं." तोवर मी हे काम पाच-सहाशे वेळा केलेलं होतं. पण मी दिलं त्यांच्याकडे, आणि त्यांनी माझ्यापेक्षा निम्म्या वेळात केलं, हेही नोंदवतो. पुढच्या प्रवासभर मात्र हिरकणी डोक्यातून जाईना. कोजागरीची रात्र, गडाचे दरवाजे बंद, आणि ती बाई तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरते. आम्हाला शाळेत ही गोष्ट दर वर्षी सांगितली. तिच्या नवऱ्याचं काय, तो त्या रात्री कुठे होता, असं वर्गात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. बाळ घरी कोणाजवळ होतं? मीही विचारलं नव्हतं. बसस्थानकात कोपऱ्यात एक फळी मारली, वर नळ असला, आणि ती सगळ्यांना वापरता आली, तर कडा उतरायची पाळी कोणावर येणार नाही. हे तुमच्या खात्याचं नाही, मला कल्पना आहे. पुढे पाठवावे.

दिवाळीला बायको चार दिवस आली. केस कापलेले, रंग रापलेला, खांदे ताठ. दारातून तिने हात पुढे केले आणि मुलगी माझ्या पायामागे गेली. लेंग्याला धरून. बायको हसली, "अगं, मी," म्हणाली, पण मुलीने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने न्हाणीघरात नळ सुरू झाला आणि बराच वेळ बादली भरल्याचा आवाज बदलला नाही. मी काय करत होतो? मी मुलीला कडेवर घेऊन उभा होतो आणि मला, लाज वाटते सांगायला, आत कुठेतरी बरं वाटत होतं. रात्री मुलगी तिच्याजवळ गेली, झोपताना तिच्या कानाची पाळी धरली, पूर्वीसारखी. मग मला रजेचे नियम म्हणावे लागले नाहीत.

तर मागणी. मागणी लहान आहे. त्या २०१८ च्या निर्णयात पुरुषासाठी जी अट आहे, ती काढावी. १८० दिवस ते १८० दिवसच ठेवा, वाढवू नका. पण पुरुषाला ते मिळायला बायको मरावी किंवा खिळावी लागू नये. रजा मुलासाठी आहे, तर मूल आहे एवढा दाखला पुरे व्हावा. हवं तर नवरा-बायको दोघं शासकीय सेवेत असतील तर दोघांत मिळून वाटून द्या. आमच्या घरी तेवढ्याने भागलं असतं.

दिल्लीचं उदाहरण देऊन वजन पाडता येत नाही, हेही मला माहीत आहे. केंद्राकडे महिलांना ७३० दिवस आहेत, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून पुरुषांनाही, पण एकट्या पुरुषांना: अविवाहित, विधुर, घटस्फोटित. म्हणजे तिथेही बायको असली की बाप रद्द. पितृत्व रजा आहे ती पंधरा दिवसांची, बारशापर्यंत पुरते. सिक्कीमने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बापाला महिनाभर रजा जाहीर केली. आणि खासगीतल्या बापांचं तर बोलूच नये. २०१७ च्या दुरुस्तीने आयांची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, बापाचा त्या कायद्यात शब्द नाही. त्याच वर्षी आपल्याच हिंगोलीच्या खासदाराने, राजीव सातवांनी, लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. पंधरा दिवस, आणि वाढवून तीन महिन्यांपर्यंत, असंघटित कामगारांनाही. खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. २०२१ मध्ये कोरोनाच्या आजारपणातून ते गेले. आपल्या मराठी माणसाचं एक अर्धं राहिलेलं काम म्हणून तरी कोणी त्याकडे बघावं.

एक गोष्ट तुमच्याच शासनाने फार चांगली केली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग बापाचं. आमची मुलगी त्या तारखेनंतरची, तिच्या दाखल्यावर तसंच आहे. ते पहिल्यांदा वाचताना, खोटं कशाला बोलू, मला जरा टोचलं होतं. आता तो क्रम योग्य वाटतो. फक्त आईच्या नावाला कागदावर जागा दिली तशी बापालाही कामात द्या, एवढंच म्हणणं आहे.

जानेवारीपासून मी पुन्हा टेबलावर आहे. आई चालती झाली, मुलगी तिच्याजवळ असते. पहिल्याच आठवड्यात एका शिपाईमामांचा अर्ज आला, वीस दिवसांची अर्जित, कारण 'घरगुती'. मी सहज विचारलं, काय हो मामा, स्लॅब काय? ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "नाय ओ. सुनेचं सिझर झालंय, पोरगा पुण्याला कंपनीत, सुट्टी नाय देत त्याला. आमची मंडळी एकटी पडतीय. मोठ्या नातीचं मी बघतो." मी त्यांना म्हटलं, तसं लिहा की मग. ते म्हणाले, "कशाला उगं, वर प्रश्न इचारतील."

तरी वरील रकान्यात खरं कारण लिहिता यावं यासाठी योग्य ती कार्यवाही होणेस विनंती.

आपला विश्वासू,
कनिष्ठ लिपिक, आस्थापना

ता. क. मी निलंबित नव्हतो असे एखादे पत्र आपल्या शिक्क्यानिशी मिळाल्यास किराणा दुकानात लावता येईल.